ठाकुमाच्या ढेंकीला आवाज देणाऱ्या दादांस

आदरणीय दादा,
सप्रेम नमस्कार.

शाळेच्या पडवीत ठाकुमाची ढेंकी, म्हणजे पायाने भात कांडायचे लाकडी साधन, बसवून पंधरवडा झाला, तरी तुमचा विषय निघाला की माझा गळा दाटून येतो, म्हणून हे पत्र सर्वांदेखत लिहीत आहे.

माझी ठाकुमा, म्हणजे वडिलांची आई, १९६४ साली पूर्व पाकिस्तानातील बारिशाल सोडून रायपूरजवळच्या माना येथील निर्वासितांच्या छावणीत आली आणि तेथून तेव्हाच्या चांदा जिल्ह्यात, आजच्या गडचिरोली जिल्ह्यातील मुलचेरा तालुक्यात, वसवली गेली. आजोबांनी इथल्याच जंगलातील लाकडाची तिला ढेंकी घडवून दिली. शेपटाकडे पायाने दाबले की पुढचे मुसळ उचलते, पाय सोडला की ते उखळातील भातावर आदळते. त्या ठेक्यावर, आपल्याकडे जात्यावर ओव्या म्हणतात तशी, ठाकुमा बारिशालच्या बोलीतील गाणी म्हणत असे. भाताची गिरणी आली आणि दोन्ही थांबले.

तुमच्याआधी मी अनेकांकडे गेले. एका कार्यालयाने ‘ही बाहेरच्यांची वस्तू आहे’ असे सांगून अर्ज परत केला. एक कलावंत तिची गाणी ध्वनिमुद्रित करून घेऊन गेले, ती आम्हाला पुन्हा ऐकायलाही मिळाली नाहीत. दुसऱ्या एकांनी ढेंकीला रंधा मारून चकचकीत करण्याचा सल्ला दिला, तेव्हा पायांनी झिजून पडलेल्या खळीवर हात ठेवून ठाकुमा कितीतरी वेळ बसून राहिली होती.

तुम्ही वडशाच्या नाटकांची ध्वनिव्यवस्था सांभाळणारे, पूर्व विदर्भाच्या झाडीपट्टीत दिवाळीपासून शिमग्यापर्यंत नाटकांच्या रात्री जागवणारे. आमच्या अंगणात आलात, यंत्राची पेटी उघडलीही नाही, आणि ठाकुमासमोर उकिडवे बसून विचारलेत, “आजी, तुमी कोन्त्या पायानं दाबत होत्या?”

ती उजवा पाय पुढे करून हसली. त्या पायाचा गुडघा आता वाकत नाही, हे तुम्ही लगेच ओळखलेत आणि टेकूची जागा सरकवून ढेंकी इतकी हलकी केलीत, की तिच्या टाचेच्या नुसत्या भाराने मुसळ उचलावे. साठ वर्षांत ‘तुम्ही मूळचे कुठले’ हे आम्हाला असंख्य लोकांनी विचारले. तिच्या पायाची चौकशी करणारे तुम्ही पहिले. मोठ्या मनाची माणसे आमच्या या भागात आहेत, फक्त ती व्यासपीठावर दिसत नाहीत, एवढे मला त्या दिवशी उमगले.

उखळाखाली तुम्ही बसवलेली हादरा टिपणारी चकती मुसळाच्या प्रत्येक ठोक्याला ठाकुमाच्या मुद्रित आवाजातील गाण्याची पुढची ओळ सोडते. कांडणारा थांबला की ठाकुमाचा आवाजही थांबतो. त्यामुळे मुले नुसती ऐकत बसत नाहीत, पाळी लावून कांडतात. गोंड, मराठी, बंगाली अशी सगळी मुले तिच्या बोलीतील ओळी ठोक्यासकट म्हणू लागली आहेत, आणि शब्द चुकला की ठाकुमा भिंतीशी बसल्या बसल्या दुरुस्त करते. खळी जशीच्या तशी आहे. नव्या पायांना ती आपोआप सापडते.

तुम्ही मजुरी घेतली नाहीत. ठाकुमाने मात्र हिशेब ठेवला आहे. पौष संक्रांतीला ती याच ढेंकीवर नव्या तांदळाचे पीठ कांडून ‘पिठे’ हा बंगाली पदार्थ करणार आहे. त्या सुमारास तुमचा प्रयोग मुलचेरा-घोटच्या बाजूला असेल, तर पहाटे वडशाला परतण्याआधी घरी या. तिने तुमचा वाटा वेगळा काढून ठेवायला आताच सांगितले आहे.

आपली कृतज्ञ,
ठाकुमाची नात