मिस्त्री काकाजी, पुट्टी भरली नाही त्याबद्दल

आदरणीय मिस्त्री काकाजी,
स. न. वि. वि.

मोबाइलवर तुम्ही काही वाचत नाही, हे मला माहीत आहे. नातू वाचून दाखवेल या भरवशावर लिहितो. तोंडावर आभार मानायला गेलं की तुम्ही "बस झालं जी, चहा घ्या" म्हणून विषय तोडता आणि पुढच्या गाडीखाली शिरता. शिवाय आमची पांढरी मारुती आठशे बाजारात उभी दिसली की कोणी ना कोणी विचारतोच, "काहून बाप्पा, हे अजून चालते?" त्या सगळ्यांनाही एकदाच उत्तर देऊन टाकतो.

गाडी १९९९ ची, कार्बोरेटरवाली मारुती ८००. बाबांनी २००८ साली वणीच्या एका कोळसा खाणीतल्या बाबूकडून सेकंड हँड घेतली, तेव्हा गावात तिच्याआधी फक्त एक जीप होती. बाबा २०१७ ला गेले. गाडी विकायचा विषय आई दरवर्षी दिवाळीच्या झाडझुडीत काढते आणि भाऊबीजेपर्यंत स्वतःच मिटवते.

२०२३ च्या पावसाळ्यात मागच्या सीटवर बसलेला भाचा ओरडला, "मामा, रोड दिसते!" मी वळून पाहिलं तर पोरानं रबरी चटई बाजूला केलेली, पायाखाली तळहाताएवढं भोक, आणि तो त्यातून शेंगदाण्याची टरफलं एक एक करून खाली सोडतोय. मजेत होता लेकाचा. मला मात्र घाम फुटला, कारण दोनच वर्षांपूर्वी एका गॅरेजात अठरा हजार मोजून मी हीच गाडी 'खालून-वरून नवीन' करून आणली होती. नोंदणीची मुदत फेब्रुवारी २०२४ ला संपत होती. पंधरा वर्षं झाली की दर पाच वर्षांनी गाडी पासिंगला न्यावी लागते, आणि चारचाकीची नूतनीकरणाची फी १ एप्रिल २०२२ पासून ६०० वरून थेट ५,००० झालेली. भंगारवाला बावीस हजार देत होता.

तेव्हा, जानेवारीत, तुमच्याकडे आलो. पांढरकवड्याच्या रस्त्याला कडुलिंबाखाली तुमचं दुकान, ना पाटी ना काही. तुम्ही बॉनेट उघडलंच नाही. पेचकस उलटा धरला आणि त्याच्या मुठीनं दाराखालच्या कडेवर पुढून मागे ठोकत गेलात. ठण, ठण, ठण, आणि मागच्या चाकाजवळ आल्यावर थप. तो थप अजून माझ्या कानात आहे. मग खिळ्याला सुतळीनं टांगलेला जुन्या स्पीकरचा लोहचुंबक काढून माझ्या हातात दिलात.

"फिरवा तुमीच."

पुढच्या दाराला चुंबक टक्कन चिकटला. मागच्या चाकाच्या कमानीवर ठेवला तर घसरून खाली पडला. पुन्हा ठेवला, पुन्हा पडला. वीतभर पट्टा असा निघाला की तिथं लोखंड नव्हतंच, नुसता लेपाचा भराव होता.

"हे पत्रा नाही जी, हे पुट्टी हाय. कोनं केलं?"

मी सांगितलं. तुम्ही त्या गॅरेजवाल्याला एक शब्द बोलला नाहीत, याचं मला तेव्हा आश्चर्य वाटलं होतं. एवढंच म्हणालात, "वरतून रंग मारून देतो म्हनलं तर परवा गाडी नेजा. पासिंगलेही चालून जाईन एखाद्या वेळेस. पन मी नाही करत ते काम."

काकाजी, माझे पहिले आभार त्या 'नाही'चे आहेत. मी तर रंगच मारून घ्यायला आलो होतो. तुम्ही परवा गाडी दिली असती, मी पैसे देऊन खुशीत गेलो असतो, आणि सीटच्या बोल्टाखालचा पत्रा तसाच राहिला असता.

दुसऱ्या दिवशी तुम्ही लुनावर आमच्या घरी आलात. गाडी पाहायला नाही, गाडी उभी राहते ती जागा पाहायला. आईला वाटलं वसुलीला आले. गाडी गोठ्यात, कवेलूंच्या छपराखाली, दोन बैल आणि एका गाईच्या शेजारी उभी राहायची. पावसापासून आडोसा म्हणून बाबांनीच ती जागा ठरवली होती. तुम्ही बाजेवर बसलात, नाक वर करून वास घेतलात आणि म्हणालात, "इथं आपले डोये झोंबते, तं तिचे नाही झोंबनार काय?" ढोराच्या मुतातून निघणारा अमोनिया ओल्या हवेत तांब्या-पितळेला खातो, तारांच्या टोकांवर हिरवी बुरशी चढते, हे मला त्या दिवशी कळलं. बारावी सायन्सला होतो मी. तेव्हा अमोनियाची समीकरणं पाठ होती, पण ती आपल्या गोठ्यात उभी आहेत हे कोणी सांगितलं नव्हतं.

मग डिकी उघडलीत. दर हंगामात युरिया आणि १०:२६:२६ या मिश्रखताच्या गोण्या मी तिच्यातूनच आणतो. गोणीच्या शिवणीतून गळालेला चुरा चटईखाली बोटभर साचला होता. तुम्ही चिमूट घेऊन चोळलीत, बोटं ओली झाली. खत हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि या मिश्रखतातलं पोटॅश बहुतेक क्लोराइडचं असतं, म्हणजे मिठाच्याच जातीचं. समुद्रकाठच्या गाड्या खाऱ्या हवेनं सडतात असं आपण ऐकतो. आमच्या गाडीनं समुद्र काही पाहिला नाही, पण मीठ मी तिला पंधरा वर्षं घरबसल्या पुरवलं.

राहिलेलं काम आपल्या काळ्या मातीनं केलं. चाकाच्या कमानीत आतून चिखलाचा थापा बसलेला, वरून कोरडा टणक आणि आत बोट खुपसलं तर ओला. कपाशीला पंधरा दिवस ओल पुरवणारी माती आहे ती, पत्र्यालाही तशीच पुरवते.

आता कामाबद्दल. मी मोठ्या ऐटीत आमच्या मोडक्या कूलरचा पत्रा घेऊन आलो होतो, तेवढाच खर्च वाचेल म्हणून. तुम्ही हात लावला नाहीत. "त्याले जस्ताचं पानी हाय. वेल्डिंग केली का पांढरा धूर निघते, रातभर ताप येते. माह्या छातीत जागा नाही आता त्याच्यासाठी." मग १८ गेजचा साधा पत्रा आणायला मलाच पाठवलंत. मी येईपर्यंत बॅटरी सुटलेली होती आणि पेट्रोलची टाकी उतरवून पार विहिरीजवळ, ओल्या पोत्याखाली ठेवलेली. घाई करणारा माणूस टाकी जागेवर ठेवूनच मागच्या फ्लोअरला वेल्डिंग लावतो, असं तुमच्या पोरानं हळूच सांगितलं. तुम्ही त्यालाही गप्प केलंत.

गंजलेला भाग कापत गेलात तसतसं भोक मोठं होत गेलं. तळहाताएवढं होतं ते परातीएवढं झालं. माझा चेहरा पडलेला पाहून म्हणालात, "चांगला पत्रा लागेपर्यंत कापाच लागते. सडक्या कापडाले ठिगळ शिवलं तं टाका कुठं बसन?" मग एक टाका इथे, एक तिथे, मध्ये थंड होऊ द्यायचं, पुन्हा एक टाका. पातळ पत्र्यावर सलग वेल्डिंग ओढली तर तो भाजून वाकतो, म्हणून. एका बाजूचा फ्लोअर जोडायला पूर्ण दिवस गेला. मी वेल्डिंगची ठिणगी बघत बसलो आणि दुसऱ्या दिवशी डोळ्यांत वाळू घातल्यासारखं झालं. तेव्हाही तुम्ही ओरडलाच होतात, की काचेशिवाय पाहू नका.

जोडांवर तारेचा ब्रश, रेड ऑक्साइडचे दोन हात, वर काळा रंग. मी म्हटलं, खालून डांबराचं कोटिंग करून टाका, सगळे करतात. तुम्ही म्हणालात, गंज जित्ता असताना वर डांबर मारलं तर पाणी आतच कोंडतं, आणि बाहेरून बेस दिसत असल्यानं मालकाला पत्ताच लागत नाही. जळकं ऑइल फासायचं म्हटलं तर तेही नाही, ते रबरी बुश फुगवतं. मला तुमची अर्धी वाक्यं 'नाही'नं सुरू होणारीच आठवतात.

कार्बोरेटरचंही तसंच. नवा टाकायची माझी तयारी होती. तुम्ही जुनाच उघडून, जेट फुंकून, गॅस्केट बदलून साडेतीनशे रुपयांत बसवून दिलात. तेच ७९६ सीसीचं इंजिन ओम्नीत २०१९ पर्यंत येत होतं, तेव्हा सामानाची काळजी करू नका, इंजिन म्हातारं नाही, अंग म्हातारं आहे, असं म्हणालात.

एकूण झाले तेरा हजार आठशे. त्या वर्षी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव होता क्विंटलला ७,०२०, म्हणजे दोन क्विंटलात गाडी उभी राहिली. अर्धे तुम्ही माझ्या कापसाचा चुकारा आल्यावर घेतलेत, चिठ्ठी नाही की सही नाही. पासिंग झालं. त्यावर लिहिण्यासारखं काही नाही, रांग होती आणि ऊन होतं.

एक तक्रार मात्र करतो, कारण नुसती स्तुती तुम्हाला आवडणार नाही. सहा दिवस सांगून तुम्ही एकोणीस दिवस लावलेत. मध्ये दोन लग्नं, एक तेरवी आणि कोणाची तरी ट्रॉली. फोन तर तुम्ही उचलतच नाही.

फक्त एकदा उचललात. मे महिना, आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन करून सेवाग्रामहून परत येत होतो. संध्याकाळ होत आलेली, टिपेश्वर अभयारण्याच्या बाजूचा रस्ता, आणि टेंपरेचरचा काटा लाल पट्टीला टेकला. रेडिएटरचा पंखा बंद. गाडी बाजूला घेतली तर दोन्हीकडे झुडपं, आणि आई मागून, डोळ्याला हिरवी पट्टी लावून, एकच प्रश्न विचारते, "इथं वाघ फिरते म्हंतेत ना रे?" तुम्ही पहिल्या रिंगला फोन उचललात. म्हणालात, "रेडिएटरचं झाकन खोलू नका. अर्धा घंटा थंडी होऊ द्या. मंग हीटर पुरा खोला, काचा खाली करा अन् हळू हळू या."

मे महिन्यात, विदर्भात, हीटर! इंजिनाची गरमी हीटरवाटे आत येते, तेवढाच काटा उतरतो, हे नंतर डोक्यात शिरलं. त्या वेळी आम्ही मायलेक भट्टीतल्या विटांसारखे भाजत, तिसाच्या स्पीडनं, बैलगाडीवाल्यांचे नमस्कार घेत पांढरकवड्यात पोहोचलो. तुम्ही दुकान उघडं ठेवून कंदिलासारखा बल्ब लावून बसला होतात. पंख्याचं कनेक्टर काढून दाखवलंत. आत हिरवंगार. गोठा.

जानेवारीत तुम्ही जागा बदलायला सांगितली होती. मी बदलली नव्हती. "म्या सांगतलं होतं" हे वाक्य तुमच्या तोंडात आलंही असेल, पण ते तुम्ही गिळलंत. आईला खुर्ची दिलीत, माठातलं पाणी दिलंत, कनेक्टर कापून नवं जोडलंत आणि चाळीस रुपये मागितलेत. त्या चाळीस रुपयांनी मला जेवढं ओशाळं केलं तेवढं शंभर शब्दांनी केलं नसतं. आठवडाभरात अंगणात चार बल्ल्या रोवून टिनं टाकली. आता ती तिथे असते, चारी बाजूंनी वारा. खताच्या गोण्या ऑटोनं येतात. पावसाळ्यात दर रविवारी भाचा पाइप घेऊन चाकांच्या कमानी आतून धुतो, त्याचे दहा रुपये घेतो.

मध्यंतरी तिला नवी एचएसआरपी, म्हणजे उच्च सुरक्षेची नंबर पाटीही लागली. पाटी इतकी चमकते की बाकी गाडी अजूनच जुनी दिसते. ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या चारचाकीची नूतनीकरणाची फी १०,००० झाल्याचं वाचलं, म्हणजे २०२९ ला तो घास आहे. आईनं ते ऐकलं आणि विषय काढला. भाऊबीज व्हायची आहे अजून.

पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल येतं. ते पाणी धरतं आणि जुन्या रबराला मऊ करतं, म्हणून टाकीपासूनचा पाइप आणि फिल्टर बदलायचं तुम्ही मागेच बोलला होता. या वेळी मी सांगितल्याबरोबर ऐकतो आहे. पुढच्या बुधवारी बाजाराच्या दिवशी सकाळी गाडी घेऊन येतो. आई पाटवडीचा डबा देणार आहे, तुम्हाला तिखट चालतं की नाही एवढं नातवाला कळवायला सांगा.

आपला,
पांढऱ्या आठशेवाला

ता. क. डाव्या मागच्या दाराखालचं पाणी निघायचं भोक पुन्हा बुजलं होतं. तुम्ही दाखवल्याप्रमाणे काडेपेटीची काडी घालून फिरवली. पाऊण गिलास पाणी निघालं, त्यात एक मेलेली गोम होती.