फी भरण्याआधी तास मोज

प्रिय अवधूत,

दूरशिक्षणाने मास्टर्स करावं का, असं विचारून तू फीचा तक्ता पाठवलास. तक्ता नीट पाहिला. त्यात सगळ्यात महाग गोष्टच नाही: तुझे तास.

क्रेडिट म्हणजे अभ्यासाचा भार मोजायचं माप. युरोपातल्या पद्धतीत एका क्रेडिटमागे २५ ते ३० तास अभ्यास धरतात आणि पूर्ण वर्ष ६० क्रेडिटचं असतं, म्हणजे कमीत कमी १५०० तास. आजारपण, घरची कार्यं, ऑफिसची वर्षअखेर वजा जाता हाताशी ४० आठवडे उरतात असं धर. आठवड्याला साडेसदतीस तास झाले. ही दुसरी नोकरीच की! ३० क्रेडिट घेतलेस तर एकोणीसच्या आसपास, १५ घेतलेस तर साडेनऊ. नोकरी सांभाळून साडेनऊ निघतात. एकोणीस काढायचे म्हणजे शनिवार-रविवार गेले. पण १५ च्या गतीने १२० क्रेडिटचं मास्टर्स आठ वर्षं चालणार, आणि नोंदणीला बहुधा कमाल मुदत असते. ती उलटली की आधीची क्रेडिट टिकतात का, हे आत्ताच विचार. ब्रिटनमध्ये एका क्रेडिटला १० च तास धरतात, तेव्हा दोन अभ्यासक्रमांची तुलना क्रेडिटमध्ये करू नकोस, तासांत कर.

मग एक आठवडा रंगीत तालीम कर. विद्यापीठाकडून एखाद्या विषयाचा नमुना घटक मागव. जे वार आणि ज्या वेळा तू अभ्यासाला ठरवल्या आहेस, त्याच वेळी ऑफिसहून आल्यावर बस. घड्याळ लाव. दर बैठकीला कागदावर तीन गोष्टी लिही: किती वाजता बसलास, किती पानं झाली, शेवटचे स्वाध्याय पुस्तक मिटून सुटले का. रात्री साडेनऊनंतर पानं होतात पण स्वाध्याय सुटत नाहीत, असं दिसलं तर ते तास हिशेबात धरू नकोस. माणसं अभ्यास सोडतात ती क्वचितच विषय अवघड म्हणून. पहिली गृहपाठाची तारीख हुकते, दुसरी तिच्यावर चढते आणि मग पोर्टल उघडायचीच भीती वाटायला लागते.

आता पैसे. तक्त्यातली रक्कम शिकवणीची. तिच्यापुढे स्वतः रकाने आख: दर सत्राची पुनर्नोंदणी, दर पेपरची परीक्षा फी, फेरपरीक्षा, प्रकल्प तपासणी, परीक्षा केंद्रापर्यंतचा प्रवास आणि राहणं, बिनपगारी रजा, पदवी प्रमाणपत्राची फी. एक फेरपरीक्षा आधीच धरून ठेव. पूर्ण वर्षाची फी एकदम भरल्यास काही ठिकाणी सवलत देतात, पण मध्येच सोडलंस तर परतावा किती आठवड्यांपर्यंत मिळतो ते पाहिल्याशिवाय त्या सवलतीला भुलू नकोस. अर्ध्यावर थांबल्यास प्रमाणपत्र किंवा पदविका मिळते का, हेही विचार. मिळत असेल तर सगळेच पैसे बुडत नाहीत.

मान्यतेबाबत प्रवेश विभागातल्या गोड बोलणाऱ्यावर विसंबू नकोस. विद्यापीठाला मान्यता असणं वेगळं, त्या अभ्यासक्रमाला, त्याच पद्धतीने शिकवायला आणि तुझ्या प्रवेशवर्षासाठी असणं वेगळं. नियामक संस्थेच्या यादीत स्वतः बघ आणि त्या दिवशीची प्रत जपून ठेव. पुढे परवाना लागणारा व्यवसाय करायचा असेल तर संबंधित परिषदेला लेखी विचार. प्रयोगशाळा किंवा रुग्णालयातल्या सरावाचे विषय नुसते घरबसल्या शिकवतो म्हणणाऱ्यापासून चार हात लांब राहा.

ही पद्धत मुळात कमअस्सल नाही. लंडन विद्यापीठाने १८५८ सालीच बाहेरच्या विद्यार्थ्यांना परीक्षा खुल्या केल्या होत्या. तुझा पगार आणि सेवाज्येष्ठता चालू राहते, हा एकच फायदा फीपेक्षा मोठा ठरू शकतो. सोमवारी वाचलेलं मंगळवारी कामावर वापरता येतं. बुडतो तो सहवास: वर्गमित्र, ग्रंथालयातली टंगळमंगळ, शिवाय तुला ओळखून शिफारसपत्र देईल असा प्राध्यापक. हा शेवटचा मिळवावा लागतो. थेट तासांना हजर राहा, दर सत्रात दोनदा तरी नेमका प्रश्न विचार. आणि प्रवेशाआधी चालू विद्यार्थ्यांना विचार की तपासलेला गृहपाठ किती दिवसांनी परत येतो. पुढचा गृहपाठ दिल्यावर मागच्यावरचा शेरा येत असेल तर त्या शेऱ्याचा उपयोग शून्य.

ऑनलाइन परीक्षेत नेट गेलं तर घाबरून लॅपटॉप बंद करू नकोस. फोनचा हॉटस्पॉट आधीच जोडून, तपासून ठेव. पडद्यावर बिघाडाचा जो संदेश येईल त्याचा वेळेसह फोटो काढायचा आणि लगेच तक्रार क्रमांक घ्यायचा; मात्र फोन जवळ ठेवायला परवानगी आहे का, ते नियमांत आधी बघ. नाहीतर तोच गैरप्रकार ठरायचा.

तालमीचा कागद भरला की पाठव. खरे तास आठच्या खाली आले तर या सत्रात एकच विषय घे, बाकीची फी बँकेतच राहू दे.

तुझा,
विनय