अभ्यासिकेची किल्ली सांभाळणाऱ्या तात्यांना

आदरणीय तात्या,

सविनय नमस्कार.

1 मे रोजी ध्वजवंदन झाले, वार्षिक निकालपत्रके वाटून झाली आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षांनी सत्कारासाठी आपले नाव पुकारले, तेव्हा आपण कडुलिंबाखालच्या बाकावरून उठलाच नाहीत. ‘शाल-श्रीफळाचे पैसे अभ्यासिकेच्या दिव्यांना ठेवा,’ एवढेच आपण बसल्या जागेवरून सांगितलेत. आपला शब्द आम्ही मोडला नाही. त्या पैशांतून दोन एलईडी ट्यूब आणल्या असून त्या सातवीच्या वर्गात बसवल्याही आहेत. परंतु त्या दिवशी मुलांसमोर आणि पालकांसमोर जे बोलायचे होते ते माझ्या हातातल्या कागदावरच राहिले. म्हणून हे पत्र मी जाहीरपणे लिहीत आहे. गावात असलेल्यांनी ते वाचावे, आणि जे पालक मेंढरांबरोबर अजून बाहेर आहेत त्यांना त्यांच्या मुलांनी फोनवर वाचून दाखवावे, अशी माझी इच्छा आहे.

आपली शाळा जिल्हा परिषदेची, पहिली ते आठवीची. ज्या सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरचा धो धो पाऊस आहे, त्याच जिल्ह्यात सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत आपला माण तालुका आहे, हे आम्ही भूगोलाच्या तासाला शिकवतो. मात्र त्याचा अर्थ वर्गाच्या हजेरीपटावर दिसतो. दिवाळी झाली की चाऱ्याच्या शोधात मेंढपाळांचे वाडे, म्हणजे मेंढरांसह फिरणारे त्यांचे तळ, हलतात, घोड्यांवर बिऱ्हाडे चढतात आणि त्यांच्यासोबत सहावी-सातवीतली हाताशी आलेली मुलेही जातात. मी या शाळेत बदलून आले त्या पहिल्या वर्षी डिसेंबरात आठवीच्या वर्गात माझ्यासमोर निम्मी बाके रिकामी होती. ती बाके भरावीत कशी याचे उत्तर माझ्याकडे नव्हते, हे मी आज स्पष्टपणे लिहिते.

दोन वर्षांपूर्वी जुलै महिन्यात आपण मुख्याध्यापकांच्या कार्यालयात आलात. एसटीत वाहक म्हणून 28 वर्षे काढून आपण नुकतेच निवृत्त झाला होतात. आपण म्हणालात, ‘मला गणित-विज्ञान शिकवता येणार नाही. पण संध्याकाळी कुलूप उघडता येईल, आणि शेवटचं पोर उठेपर्यंत बसता येईल.’ त्या वेळी मला वाटले होते की मुले आठवडाभर येतील आणि मग थांबतील. माझा हा अंदाज चुकला याचा मला जितका आनंद आहे तितका क्वचितच कशाचा झाला असेल. त्या दिवसापासून संध्याकाळी सात ते नऊ सातवीच्या वर्गातला दिवा लागतो. पावसात रस्ता चिखलाने भरलेला असला तरी लागतो. आपल्या घरी पाहुणे असत त्या दिवशीही आपण पाहुण्यांना सोबत घेऊन आलात, हे मी स्वतः पाहिले आहे.

अभ्यासिका ज्या परीक्षेसाठी मुख्यतः सुरू झाली तिच्याविषयी येथे लिहिणे मला आवश्यक वाटते, कारण पुष्कळ पालकांना ती अजून ठाऊक नाही. राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती योजनेची ही परीक्षा, जिला आपण सर्वजण एनएमएमएस म्हणतो, इयत्ता आठवीत असते आणि आपल्या राज्यात ती पुण्याची महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते. शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि अनुदानित शाळांतील ज्या मुलांच्या पालकांचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाख रुपयांच्या आत आहे, त्यांना या परीक्षेला बसता येते. बौद्धिक क्षमता चाचणीचे 90 आणि शालेय क्षमता चाचणीचे 90 प्रश्न असतात. निवड झालेल्या विद्यार्थ्याला नववी ते बारावी अशी चार वर्षे दरवर्षी 12,000 रुपये मिळतात. चार वर्षांचे हे 48,000 रुपये आपल्या भागातील एखाद्या घरात मुलीचे शिक्षण पुढे चालू राहणार की थांबणार हे ठरवू शकतात.

आपण शिकवणार नाही म्हणाला होतात, पण शिकवलेत. बौद्धिक क्षमता चाचणीतील दिशांच्या प्रश्नांवर मुले अडखळत होती. पुस्तकातला माणूस उत्तरेकडे चार किलोमीटर चालतो, मग उजवीकडे वळतो, आणि त्यांच्या डोळ्यांसमोर काहीच उभे राहत नव्हते. आपण खडूने फरशीवर दहिवडीचे स्टँड काढलेत, वर फलटण, उजव्या हाताला म्हसवड, आणि मुलांना एकेका गाडीचे चालक करून त्या नकाशावरून प्रत्यक्ष चालवलेत. एसटीचे भाडे सहा किलोमीटरच्या टप्प्याप्रमाणे लागते, त्यामुळे सात किलोमीटर जाणाऱ्याला दोन टप्प्यांचे भाडे का पडते, अर्धे तिकीट असलेली तीन मुले आणि पूर्ण तिकिटाची दोन माणसे असतील तर हिशेब कसा करायचा, हे आपण सांगत असताना मी दारात उभी राहून ऐकत असे. गुणोत्तर आणि प्रमाण हे प्रकरण मी अनेक वर्षे शिकवत आले आहे. यंदा ते मी टप्प्यांपासून सुरू केले आणि पहिल्यांदाच वर्गातल्या मागच्या बाकावरून प्रश्न आले.

अर्ज भरण्याच्या दिवसांत आपण केलेले काम तर कोणाच्याच नजरेस आले नाही. शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये मुलाचे नाव एक, आधार कार्डावर दुसरे. वडिलांच्या नावात एका अक्षराचा फरक. कोणाच्या जन्मतारखेत फक्त वर्ष. आणि उत्पन्नाचा दाखला तर बऱ्याच घरांत कधी काढलेलाच नव्हता. शिष्यवृत्ती मुलाच्या बँक खात्यावर थेट जमा होत असल्यामुळे ही नावे जुळली नाहीत तर निवड होऊनही रक्कम अडकते. आपण एका वहीत प्रत्येक मुलाचे एक पान केलेत, कोणाचे काय राहिले आहे ते त्यावर लिहून ठेवलेत, आणि पालकांना घेऊन तालुक्याला किती फेऱ्या मारल्यात ते आपल्यालाच ठाऊक. एका कार्यालयात आपल्याला सलग तीन दिवस परत पाठवले गेले. चौथ्या दिवशी आपण पुन्हा रांगेत उभे होतात. ती वही आता शाळेच्या कपाटात आहे, आणि यंदाच्या सातवीची पाने मी स्वतः तिच्यात लिहायला घेतली आहेत.

एका मुलीविषयी मी तिचे नाव न घेता लिहिते. तिने आणि तिच्या आईने तशी परवानगी दिली आहे. दिवाळीनंतर तिचा वाडा हलला आणि तीही गेली. कोकरांमागे माणूस लागते, हे तिच्या वडिलांचे म्हणणे खोटे नव्हते, आणि आपणही ते खोटे मानले नाही. वाडा दोन मुक्काम पुढे गेला असताना आपण तेथे पोहोचलात, रात्री त्यांच्याबरोबर जेवलात, आणि शाळेचा विषय सकाळी काढलात. मुलगी आजीपाशी गावात राहील, संध्याकाळचे जेवण आपल्या घरी काकूंकडे होईल आणि कोकरांसाठी तिचा चुलतभाऊ जाईल, असे त्या मुक्कामावर ठरले. त्यानंतर वर्ष संपेपर्यंत तिचा एकही दिवस चुकला नाही. काकूंनी चार महिने तिला आपल्या पंगतीला बसवले. या पत्रातले आभार त्यांचेही आहेत, आणि ते आपण त्यांना वाचून दाखवावेत.

डिसेंबरातल्या त्या रविवारी परीक्षा होती. आम्ही ठरवलेली जीप पहाटे आलीच नाही. तेरा मुले हातात प्रवेशपत्रे घेऊन चावडीसमोर थंडीत उभी होती, आणि मला काय करावे ते सुचत नव्हते. आपण मुलांना दोन-दोनच्या रांगेत उभे केलेत, फाट्यापर्यंत चालवत नेलेत आणि पहिली गाडी हात करून थांबवलीत. गाडी भरलेली होती. वाहकाने आपल्याला ओळखले, प्रवाशांनी सरकून जागा केली आणि आम्ही वेळेत केंद्रावर पोहोचलो. दोन पेपरांच्या मधल्या सुट्टीत केंद्राबाहेरच्या झाडाखाली आपण बाजरीच्या भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी सोडलीत, आणि पहिल्या पेपराविषयी कोणालाही एक शब्दही विचारू दिला नाहीत. मी विचारणार होते. आपण मला हातानेच थांबवलेत, आणि त्यामुळे मुले दुसऱ्या पेपराला मोकळ्या मनाने बसली.

तेरापैकी चार जणांची शिष्यवृत्तीसाठी निवड झाली. शाळेच्या फलकावर ही चार नावे लागली आहेत आणि त्यांचे कौतुक सर्वांनी केले आहे. वाड्यावरून परत आलेली ती मुलगी त्या चार जणांत नाही. उत्तीर्ण होण्यासाठी लागणारे 40 टक्के गुण तिने मिळवले, मात्र निवड जिल्ह्याच्या आणि प्रवर्गाच्या कोट्यातून गुणानुक्रमे होते आणि तिचा क्रमांक थोडा खाली राहिला. निकाल लागला त्या संध्याकाळी ती अभ्यासिकेत येणार नाही असे मला वाटले होते. ती आली, आपल्या शेजारी बसली, आणि आपण तिच्याशी निकालाविषयी काही न बोलता तिला पाचवीच्या दोन मुलांचे पाढे घ्यायला सांगितलेत. मार्चमध्ये तिचे वडील स्वतः शाळेत आले आणि नववीला कोणत्या शाळेत घालावे असे त्यांनी मला विचारले. माझ्या नोकरीच्या काळात एखाद्या मेंढपाळ वडिलांनी मुलीच्या नववीविषयी आपणहून विचारल्याचा हा पहिलाच प्रसंग होता.

अभ्यासिकेमुळे शाळेचे दार संध्याकाळी उघडे राहू लागले आणि त्या दारातून गाव आत येऊ लागले. यंदाच्या बाल आनंद मेळाव्यात मुलांनी मेथी, शेवग्याच्या शेंगा, बोरे, भेळ आणि घरचे ताक विकले. दरवर्षी संध्याकाळी कोणाचे भांडवल किती आणि नफा किती यावरून रडारड होत असे. आपण प्रत्येक गाळ्यासाठी एसटीच्या वेबिलासारखा, म्हणजे वाहकाच्या हिशेबपत्रकासारखा, एक कागद आखून दिलात: सुरुवातीची चिल्लर, दर तासाची विक्री, शेवटची शिल्लक. सहावीतल्या मुलींनी तो इतका नेटका भरला की महिला बचत गटाच्या अध्यक्षांनी त्याची प्रत मागून नेली.

स्नेहसंमेलनाविषयी मात्र मला सविस्तर लिहायचे आहे. मुलांनी चित्रपटगीतांवरचे नाच बसवले होते आणि त्यात गैर काही नाही. आपण एवढेच सुचवलेत की एक कार्यक्रम गावातल्या म्हाताऱ्यांना बसवू द्यावा. त्यानंतर तीन आठवडे संध्याकाळी ढोल शाळेच्या मैदानावर आले. ज्यांनी शाळेचे तोंड कधी पाहिले नव्हते असे आजोबा धोतर आणि फेटा घालून आमच्या मुलांना धनगरांच्या गजीनृत्याची पावले शिकवू लागले, चूक झाली की थांबवू लागले, हातातला रुमाल कोणत्या ठोक्यावर उडवायचा ते पुन्हा पुन्हा दाखवू लागले. ज्या मुलाला वर्गात फळ्यासमोर बोलावले की तो जमिनीकडे पाहायचा, त्याला ढोलाचा प्रत्येक ठोका पाठ होता. त्या रात्री तो रांगेच्या पुढे होता आणि त्याच्या आजोबांच्या हातात ढोल होता. मेंढरे राखणाऱ्या घरांतील मुलांना आपल्या घरातले काही शाळेच्या मंचावर मानाने उभे राहू शकते हे त्या रात्री दिसले. पुढच्या आठवड्यात त्या मुलाने वर्गात स्वतःहून उत्तर देण्यासाठी हात वर केला. गाण्यांची निवड आमची, मंडप लोकवर्गणीचा, पण ही गोष्ट आपली होती.

क्रीडा स्पर्धांबद्दल थोडक्यात. केंद्र आणि बीट पातळी जिंकून आपल्या मुलींचा खो-खोचा संघ यंदा तालुक्याला पोहोचला, आणि 800 मीटर धावण्यात सातवीतली एक मुलगी जिल्ह्यापर्यंत गेली. याच तालुक्यातील मोही गावच्या ललिता बाबर 2016 मध्ये रिओ ऑलिंपिकमध्ये 3,000 मीटर स्टीपलचेसच्या, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीच्या, अंतिम फेरीत धावल्या आणि दहाव्या आल्या, ही हकिकत आपण अभ्यासिकेत इतक्यांदा सांगितली आहे की मुली मोहीचा रस्ता आपल्याच घरचा असल्यासारखा बोलतात. पहाटे साडेपाच वाजता शाळेच्या मैदानाला पाच फेऱ्या मारणाऱ्या मुलींच्या चपला कडेला राखत आपण बसलेले असता, हे त्यांच्या आयांनीच मला सांगितले.

आता एक विनंती आहे. येत्या जूनमध्ये आपल्या आठवीतल्या सात मुली नववीसाठी तालुक्याच्या हायस्कूलला जातील. अहिल्यादेवी होळकर यांच्या नावाच्या योजनेतून मुलींना एसटीचा पास मोफत मिळतो; त्याचे अर्ज शाळा उघडण्यापूर्वी भरून ठेवायचे आहेत आणि सकाळच्या गाडीची वेळ हायस्कूलच्या वेळेशी जुळावी म्हणून आगारात एक अर्ज द्यायचा आहे. तो अर्ज मी लिहिला आहे. त्यातील भाषा बरोबर आहे का ते आपण एकदा पाहावे, आणि शक्य असल्यास माझ्याबरोबर आगारात यावे.

अभ्यासिकेची दुसरी किल्ली मुख्याध्यापकांनी कपाटात ठेवण्यासाठी मागितली होती. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत ती आपल्याकडेच राहावी असे सर्वानुमते ठरले असून तसा ठराव इतिवृत्तात नोंदवला आहे. ठराव मांडला वाड्यावरून परत आलेल्या त्या मुलीच्या वडिलांनी. ते वाडा घेऊन परतीच्या वाटेवर आहेत आणि बैठकीला फोनवरून हजर होते.

आपली कृतज्ञ,
वर्गशिक्षिका, इयत्ता आठवी
(शाळेचे विद्यार्थी, पालक आणि शिक्षक यांच्या वतीने)