नवीन वाफे घेतलेल्या सभासदांसाठी सूचना

नमस्कार. दसऱ्यानंतर वाफे ताब्यात मिळतील. ज्यांनी आजवर फक्त कुंडीतली तुळस सांभाळली आहे, त्यांनी पहिल्या हंगामात अर्ध्याच वाफ्यात लागवड करावी, ही कळकळीची विनंती.

आपली तापीकाठची जमीन काळी, कसदार. पण ओली असताना तिच्यात पाय घालू नका. तुडवलेल्या चिखलाची ढेकळं पुढे फुटता फुटत नाहीत. वापसा, म्हणजे मशागतीजोगा बेताचा ओलावा, आल्याशिवाय कुदळ लावायची नाही. मूठभर माती दाबून बघा: गोळा झाला आणि बोट लावताच फुटला, तर वापसा आला. मग चांगलं कुजलेलं शेणखत मिसळा. कच्च्या शेणातून हुमणी, म्हणजे मुळं खाणारी अळी, येते.

सुरुवात मेथी, पालक, कोथिंबिरीने करा. धने चपलेखाली रगडून, दोन फाकी करूनच पेरा. मेथी महिन्याभरात काढायला येते, त्यामुळे नवख्यांचा हुरूप टिकतो. भरिताच्या वांग्यांचा मोह सगळ्यांनाच होणार. जळगावच्या भरीत वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, अभिमान आहेच! पण दोन रोपांत अडीच-तीन फूट अंतर लागतं, म्हणून यंदा चारच रोपं लावा. शेंडा मलूल दिसला की आत अळी आहे असं समजा. तो खुडून नष्ट करा; बांधावर टाकलात तर शेजारच्या वाफ्यालाही त्रास.

ऑक्टोबरचं ऊन चटका देतं, पाणी सकाळीच द्यावं. तणनाशक आणायला सक्त मनाई आहे.

येत्या रविवारी सकाळी ७ वाजता खुरपं घेऊन या, गादीवाफा (जमिनीपेक्षा उंच केलेला वाफा) करून दाखवू.