शेवटचे दोन बेड

पवन मावळ,
22 मार्च

प्रिय मास्तर,

जानेवारीत तू फोन आपटलास (की मी आपटला, यावर भेटल्यावर भांडू), त्यानंतर हे पहिलंच. तुझे दोन मेसेज वाचले होते. उत्तर दिलं असतं तर तुझं म्हणणं बरोबर होतं हे लिहावं लागलं असतं, म्हणून दिलं नाही. आता लिहितोय. वहिनींना वाचून दाखवू नकोस.

तब्येती ठीक. आबांचा गुडघा आहे तसाच आहे.

पॉलिहाउसमधल्या गुलाबावर माइट, म्हणजे कोळी, आलाय. बेचाळीस बेडांपैकी चाळीस गेल्यात जमा आहेत. पान उलटं केलं की खाली तांबूस पूड सांडल्यासारखी दिसते आणि ती पूड चालते. वरून पानं पांढुरक्या ठिपक्यांनी भरलीत, शेंड्यांवर जाळी धरलीय. सकाळच्या उन्हात ती जाळी इतकी सुंदर चमकते की आपलंच दिवाळं निघतंय हे क्षणभर विसरायला होतं. पांढऱ्या कागदावर पान आपटून भिंगाखाली धरलं, तर पाठीवर दोन काळे डाग घेऊन सगळी मंडळी निवांत फिरत होती. हो, तेच भिंग. राहुरीच्या हॉस्टेलवरून गेलेलं. खंडोबाची शपथ घेतली होती मी, पण ती भिंगाच्या डबीबद्दल. डबी खरंच माझ्याकडे नव्हती.

आता तुला हवं ते ऐक. व्हॅलेंटाइनच्या मालाला कळीत थ्रिप्स (फुलकिडे) दिसत होते. एक्स्पोर्टच्या पेटीत जिवंत किडा निघाला तर अख्खा माल परत. मी घाबरलो. दुकानदार म्हणाला, पायरेथ्रॉइड मारा, फूल आरशासारखं स्वच्छ. तू फोनवर ओरडत होतास की बाबा, त्यानं कोळी मरत नाही, कोळ्याला खाणारे तेवढे मरतात, मार्चमध्ये रडशील. मी म्हटलं, तुझं एरंडाचं गुऱ्हाळ पुरे, मला हप्ता भरायचाय. तीन फवारे मारले. फूल स्वच्छ निघालं, पैसेही बरे झाले, हे कबूल कर. आणि मार्चमध्ये मी रडतोय, हे मी कबूल करतो.

त्यानंतरचा गाढवपणा तुला माहीत नाही. माइट दिसल्यावर ॲबामेक्टिन हे कोळीनाशक मारलं. आठ दिवसांनी पुन्हा तेच, कारण पहिल्यांदा मेले होते. असं चार वेळा. तिसऱ्यांदा निम्मे मेले आणि चौथ्यांदा नुसते भिजले. डब्यावर औषधाच्या गटाचा आकडा छापलेला असतो, दर फवाऱ्याला तो गट बदलत जायचं, नाहीतर कोळी औषधाला दाद देईनासा होतो, हे मी तालुक्याच्या मेळाव्यात माइक धरून लोकांना सांगितलंय. टाळ्याही घेतल्यात. ह्या उन्हात आत पारा अडतीसच्या पुढे जातो, अंड्यापासून आठ-दहा दिवसांत नवी पिढी तयार. वर पाऊस नाही, वारा नाही, ऊन मात्र हवं तेवढं. दोनशे मायक्रॉनचा कागद ताणून आपण त्यांच्यासाठी मंगल कार्यालय बांधलंय आणि भाडं आपणच भरतोय. त्यात मादीला नर भेटला नाही तरी अडत नाही, ती नुसते नर घालते आणि पुढची सोय होते. तुझ्या लग्नाआधीची तुझी अवस्था आठवली आणि एकटाच हसलो.

पण पत्र ह्यासाठी नाही लिहिलं. पश्चिमेकडचे ते शेवटचे दोन बेड आठवतात? जुनी मरगळलेली झाडं, एप्रिलमध्ये उपटायचीच होती. पंपाच्या पाइपाचा जोड डिसेंबरमध्ये फुटला, तेवढा तुकडा कापून टाकला, तेव्हापासून पाइप तिथवर पुरत नाही. गडी म्हणाला, उद्या जोडू. म्हणजे त्या दोन बेडांना जानेवारीपासून एकही फवारा नाही. परवा मावशी फुलं काढून आली आणि म्हणाली, "दादा, त्या कडंच्या झाडांना कोळी का न्हाई?" मी म्हटलं, मावशी, चष्मा लाव.

आणि मास्तर, खरंच नाही. म्हणजे आहे, पण पानामागे पाच-सहा. बाकी नुसती रिकामी कातडी आणि वाळलेली अंडी. आणि मधेच मोहरीच्या दाण्याएवढा, काळा कुळकुळीत, चकचकीत भुंगेरा. चिमटीत धरायला गेलो तर घरंगळून पडला. शेजारच्या पानावर राखाडी, केसाळ अळी एका कोळ्याला धरून चोखत होती. मी तिथेच सरीत बसलो, पँट ओली झाली. स्टेथोरस! कोळी खाऊन जगणारा भुंगेरा, तू चुन्याच्या डबीत पाळायचास तोच, आणि मी ती डबी मेसमध्ये उघडली होती तोच. दुसऱ्या वर्षाची तुझी ती शिवी अजून लक्षात आहे.

आलेत कुठून, तर कडेच्या एरंडावरून. एरंडाच्या पानांवर कोळी असतो, त्यामागे हे. नेट तिथे फाटलीय, दोन वर्षं मी ती शिवतोय. तू म्हणायचास एरंड ठेव, आबा म्हणायचे तोड, रोगाचं घर आहे. दोघांना वैतागून मी काहीच केलं नाही, आणि इतक्या वर्षांत हीच एक गोष्ट बरोबर निघाली. हॉस्टेलवर तू चिलीच्या ऑर्किडवर बसून 1958 साली जर्मनीत पोचलेल्या त्या नारिंगी भक्षक कोळ्याची गोष्ट रात्री-रात्री सांगायचास आणि मी झोपायचो. आमचा पाहुणा कुंपणाबाहेर एरंडावर बसला होता.

आता घोळ असा. लग्नसराई आहे, वीस फुलांच्या गड्डीला भाव चांगला आहे. आबा म्हणतात, सोमवारी सगळीकडे जहाल काहीतरी मारून मोकळा हो, ते दोन बेडही धर. गंधक मारावं तर ह्या उन्हात पानं करपतील. मी ठरवलंय असं: खालची जाळीची पानं काढून पोत्यात भरून बाहेर जाळायची, सकाळी पाण्याचा जोराचा झोत पानांच्या खालून मारायचा, आणि चाळीस बेडांत हेक्झिथायझॉक्स. ते अंडी आणि पिल्लं मारतं, मोठे मरत नाहीत, म्हणून वेळ लागेल. आणि भुंगेरे पानासकट उचलून दर चार बेडांवर सोडायचे. काल ब्रशने एकतीस गोळा केले. एकतीस! बेचाळीस बेडांना! आबांनी डबी बघितली आणि काही न बोलता चहा प्यायला गेले. अशा वेळी त्यांनी बोललेलं परवडतं.

हेक्झिथायझॉक्सनं भुंगेऱ्यांच्या अळ्यांना काही होणार नाही ना? आणि एकतीस सगळीकडे पसरवू की एकाच कोपऱ्यात ठेवून वाढू देऊ? रविवारपर्यंत कळव, सोमवारी पंप सुरू होणार आहे. दापोलीहून येता आलं तर फारच बरं, भिंग इथे आहेच.

तुझी बदली झाली का, धाकटीची दहावी कशी गेली, हे सविस्तर लिही. आंबा यंदा धरलाय का तेही. वहिनींना नमस्कार.

तुझा,
शपथमोड्या

ता. क. पाइप जोडणारा गडी आज तीन महिन्यांनी जोड घेऊन आला. त्याला परत पाठवला.