शिडी घेऊन पहाटे

बॉस्टन, एप्रिलअखेर

ती. बाबा आणि सौ. आईस,
शि. सा. नमस्कार.

मी मजेत आहे. खोकला गेला, कानटोपी घालते. व्हिडिओत चेहरा उतरलेला दिसला तो फक्त जागरणामुळे.

जागरणाचं कारण ऐका. इथे एप्रिलच्या तिसऱ्या सोमवारी सुट्टी असते. त्या दिवशी लोक रात्री तीनला उठून घरातली शिडी गाडीत घालतात आणि लेक्सिंग्टन गावच्या मैदानावर तिच्यावर चढून बसतात. रंगाऱ्याची असते ना, तसलीच घडीची शिडी! मागच्यांना दिसावं म्हणून. उजाडताना लाल डगलेवाले इंग्रज येतात, बार उडतात, गावचे आठ जण पडतात, संपलं. १९ एप्रिल १७७५ ला, अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाच्या पहिल्या चकमकीत, खरेच तेवढे पडले होते. मग मेलेले उठतात आणि मंडळी पॅनकेक खायला जातात (आई, गोड धिरडीच ती). हरलेली चकमक दर वर्षी कुडकुडत का बघायची, मला अजून उमगलेलं नाही.

बाबा, तुम्हाला वाटतं तसं चहा महागला म्हणून हे अमेरिकन इंग्रजांविरुद्ध पेटले नाहीत. उलट स्वस्त झाला होता! फ्रेंचांशी लढाई १७६३ ला संपली, इंग्लंड कर्जात बुडालं, म्हणून १७६५ साली इथल्या वर्तमानपत्रांवर, करारांवर, अगदी पत्त्यांच्या कॅटवरही मुद्रांक आला. तुमची अख्खी नोकरी मुद्रांकात गेली, तुम्हाला यांचा राग कळायचा नाही! पण ज्या पार्लमेंटात आपला एक माणूस नाही तिने आपल्यावर कर बसवायचा, हे सलत होतं. तो मुद्रांक वर्षभरात उठला, पण १७६७ साली चहावर कर आला, तो मात्र राहिला. १७७३ साली कंपनीचा चहा कर धरूनही स्वस्त पडणार होता, पण घेतला की कर कबूल. म्हणून बॉस्टनकरांनी चहाच्या ३४२ पेट्या समुद्रात फेकल्या. (कंपनी आपलीच, ईस्ट इंडिया. त्याच वर्षी पुण्यात नारायणरावांचा खून झाला.) भरपाईसाठी इंग्लंडने बॉस्टनचं बंदर बंद केलं, तरी वेगळं व्हायचं फारसं कुणाच्या मनात नव्हतं. लेक्सिंग्टननंतरही, जुलै १७७५ मध्ये, राजाकडे विनंतीअर्ज गेला. राजाने तो स्वीकारलासुद्धा नाही, वर बंडखोर ठरवलं. पुढच्या जुलैत यांनी स्वतंत्र झाल्याचं जाहीर केलं.

घराच्या रंगाचे पैसे पाठवलेत. न विचारता पाठवले म्हणून चिडू नका. साताऱ्याच्या स्थळाला पत्रिका गेल्याचं ताईकडून कळलं. आधी मला विचारलं असतंत तर कदाचित मीच दिली असती. रागावलेले नाही. मोतीबिंदूच्या वेळी यायला रजा उरली नाही, बाबा. ताई आहेच. औषधाचे थेंब तिलाच घालू द्या, स्वतः घालू नका.

तुमची,
छोटी