सातबाऱ्यावर न दिसणाऱ्या कबरी : महसूल मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. महसूल मंत्री, महाराष्ट्र राज्य

विषय : रायगड जिल्ह्यातील बेने इस्रायल (कोकणातील मराठी भाषक यहुदी) घराण्यांच्या दफनभूमींची महसुली दफ्तरात स्पष्ट नोंद होण्याबाबत.

महोदय,

अलिबाग, रोहा, पेण, पनवेल या भागांतल्या कित्येक गावांच्या कडेला बेने इस्रायल समाजाच्या लहान लहान दफनभूमी आहेत. गावात राहिलेल्या मोजक्या घराण्यांच्या काही पिढ्या तिथे विसावल्या आहेत. त्यांची देखभाल करणारी माणसे बहुतेक गावांतून निघून गेली. जमीन मात्र तिथेच आहे आणि तिचा भाव वाढतो आहे. त्या जमिनीत कोणाच्या कबरी आहेत हे सरकारी कागदावर लिहिले जावे, एवढ्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

या समाजाच्या परंपरेनुसार त्यांच्या पूर्वजांचे गलबत अलिबागजवळच्या नवगावपाशी फुटले, सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, आणि लाटांनी किनाऱ्याला आणून टाकलेल्या मृतांना तिथेच मूठमाती देण्यात आली; पुरुषांना एका जागी, स्त्रियांना दुसऱ्या. ही घटना नेमकी कधीची यावर अभ्यासकांचे एकमत नाही. तरीही नवगावची ती जागा समाजाचे आद्य स्थान मानली जाते आणि तिथे स्मारक उभे आहे. वाचलेल्यांचे वंशज कोकणात पसरले, तेलाचे घाणे चालवू लागले, शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून शनवार तेली म्हटले गेले, आणि रोहेकर, पेणकर, किहीमकर, झिराडकर अशी गावांची आडनावे लावू लागले. समाजी हसाजी दिवेकर यांनी १७९६ मध्ये मुंबईत पहिले सिनेगॉग, म्हणजे यहुदी प्रार्थनास्थळ, बांधले, अलिबागचे सिनेगॉग १८४८ चे आहे. पण सिनेगॉग नसलेल्या गावांत या घराण्यांची दृश्य खूण म्हणून बहुधा कबरीच उरल्या आहेत.

जुन्या कबरींवर अनेकदा एक अक्षरही कोरलेले नसते, नुसता दगड असतो. नंतरच्या दगडांवर हिब्रू आणि मराठी लेख शेजारी शेजारी आढळतात. हिब्रू वर्ष अंकमूल्य असलेल्या हिब्रू अक्षरांत मांडलेले असते. त्यातून ३७६० वजा केले की बहुतेक महिन्यांसाठी इसवी सन मिळतो, आणि शेजारच्या मराठी ओळींत नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव, आडनाव वाचता येते. कोकणच्या ग्रामीण समाजाचा हा लेखी पुरावा खाऱ्या वाऱ्याने आणि पावसाने झिजतो आहे. माझ्या मते हा मराठीचाच वारसा आहे. ज्यांचा तो आहे त्यांनी इस्रायलमध्ये जाऊनही ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक चालवले.

१९४८ नंतरच्या दोन-तीन दशकांत बहुसंख्य बेने इस्रायल इस्रायलला गेले आणि आज भारतात ते काही हजारच आहेत. यहुदी धर्माचारात कबर कायमची असते. ती उकरून त्या जागी दुसरे दफन करत नाहीत आणि अवशेष हलवणेही अत्यंत अपवादात्मक मानले जाते. त्यामुळे वरून ओसाड दिसणारी, झुडपांनी भरलेली जागाही त्यांच्या दृष्टीने रिकामी नसते. जमीन पाहायला येणाऱ्याला हे कोणी सांगत नाही. मुंबईहून मांडव्याला वाहनांसह नेणारी रो-रो बोटसेवा २०२० मध्ये आणि अटल सेतू २०२४ मध्ये सुरू झाल्यापासून मुंबई या किनाऱ्याच्या फार जवळ आली आहे, आणि बंगल्यांसाठी जमीन शोधणारे लोक अशा जागांच्या कुंपणापर्यंत पोहोचले आहेत.

कायदा आहे, हे मी जाणतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०१ नुसार दफनभूमीत अतिक्रमण करणे हा गुन्हा आहे. परंतु तो ठरण्यासाठी भावना दुखावण्याचा हेतू किंवा त्या दुखावल्या जातील याची जाणीव सिद्ध व्हावी लागते. ज्या खरेदीदाराच्या हाती दफनभूमीचा उल्लेखच नसलेला सातबारा दिला जातो, त्याला ‘मला माहीत नव्हते’ असे सहज म्हणता येते, आणि पुष्कळदा ते खरेही असते. म्हणून या जागांचे संरक्षण तलाठ्याच्या दफ्तरापासून सुरू व्हायला हवे. गटातील लागवडीयोग्य नसलेल्या भागात, म्हणजे पोटखराब्यात, दफनासाठी वापरात असलेली जागा धरण्याची तरतूद महसूल नियमांत आहेच, आणि शासकीय जमीन दफनभूमीसाठी राखून ठेवण्याचा अधिकार महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २२ ने जिल्हाधिकाऱ्यांना दिला आहे. नवा कायदा मी मागत नाही.

माझी विनंती अशी आहे की, रायगड जिल्ह्यातील अशा प्रत्येक जागेची भूमी अभिलेख विभागाने शासनाच्या खर्चाने मोजणी करावी, हद्दीचे दगड रोवावेत आणि खाजगी गटात असलेल्या दफनभूमीचा उल्लेख रीतसर फेरफार करून सातबाऱ्याच्या इतर हक्कांत घ्यावा. मोजणीच्या वेळी गावातील वृद्धांचे म्हणणे आवर्जून नोंदवावे, कारण अक्षरे नसलेल्या कबरी कुठवर आहेत हे बहुधा त्यांनाच ठाऊक असते. प्रत्येक कोरीव दगडाचे छायाचित्र त्याच वेळी घेऊन त्याची प्रत जिल्हा अभिलेखागारात आणि समाजाच्या विश्वस्तांकडे द्यावी. २०१६ मध्ये राज्य शासनाने यहुदी समाजाला अल्पसंख्याक दर्जा दिला आहे, त्यामुळे अल्पसंख्याक विकास विभागाला या कामात सोबत घेता येईल. मोजणी नवगाव आणि अलिबाग तालुक्यातील किनाऱ्यालगतच्या गावांपासून सुरू करावी, कारण जमिनीचे व्यवहार तिथे सर्वांत वेगाने होत आहेत.

आपला विश्वासू,
महाराष्ट्रातील एक नागरिक